निळ्या दोऱ्याच्या पाच गाठी

“चार!” ओजस ओरडला. “काल पाच होत्या, आज चारच!”

“हळू बोल रे,” अनुष्का म्हणाली. “आधीच सगळ्यांना तुझा संशय आहे.”

स्लायगो शहरातल्या एका हॉलमध्ये तिघं जण चिलीच्या उंच नकाशासमोर उभी होती. बारा वर्षांची अनुष्का, तिचा दहा वर्षांचा भाऊ ओजस आणि सुट्टीला सिटीवेस्ट या दुसऱ्या गावाहून आलेली मावसबहीण स्वानंदी. तिघंही याच हॉलमधल्या समर कॅम्पला येत. साधारण तीनशे वर्षांपूर्वी स्लायगोत जन्मलेला एक माणूस पार दक्षिण अमेरिकेत जाऊन चिलीचा स्पॅनिश गव्हर्नर झाला होता. शनिवारी त्याच्यावरचं प्रदर्शन उघडणार होतं. नकाशा अनुष्काच्या बाबांनी, शैलेंद्रनी, केला होता. वरपासून खालपर्यंत सगळा पिवळाधमक, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘स्पॅनिश राज्य’.

सोमवारी सकाळी त्या पिवळ्या रंगावर, बरोब्बर मधोमध, डोंगरापासून समुद्रापर्यंत एक निळा लोकरी दोरा टाचलेला सापडला. त्याला पाच गाठी होत्या. समितीचे अध्यक्ष मिस्टर फेलन यांनी तो उपटून कचऱ्यात टाकला. मंगळवारी नवा दोरा हजर, एक गाठ कमी!

आता ओजसवरच आळ का? तर मागच्या आठवड्यात त्याने गव्हर्नरसाहेबांच्या चित्राला टाचण्यांच्या मिशा लावल्या होत्या. मिशा चांगल्या झाल्या होत्या, पण मिस्टर फेलनना आवडल्या नाहीत.

“शनिवारपर्यंत हा प्रकार थांबला नाही,” ते म्हणाले, “तर लॉक गिल तलावावरच्या बोट कॅम्पमधून तुझं नाव कट!”

ओजस त्या कॅम्पसाठी वर्षभर दिवस मोजत होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. बाबांनीही फोनवरून डोळे न काढता मान डोलावली, हे त्याला जास्तच लागलं.

बुधवारी तीन गाठी आल्या. स्वानंदीने बोटं मोजली. “गुरुवारी दोन, शुक्रवारी एक, शनिवारी शून्य. कुणीतरी प्रदर्शनाचे दिवस मोजतंय!”

“मग त्याला पकडू या. काय क्रॅक येईल, नुसती धमाल!” ओजस म्हणाला. कचऱ्यातून उचललेला पाच गाठींचा दोरा त्याने पुरावा म्हणून खिशात जपला होता.

गुरुवारी सकाळी पावणेआठला तिघं खुर्च्यांच्या ढिगामागे दबा धरून बसली. ओजसला शिंक येत होती. अनुष्काने त्याचं नाक दाबून धरलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आत आली रायेन! हॉलच्या कॅफेत काम करणारी, उरलेले स्कोन-पाव मुलांना गुपचूप देणारी रायेन. तिने ॲप्रनच्या खिशातून निळा दोरा काढला आणि सवयीच्या हाताने नकाशावर टाचला.

“रायेन, तू?” अनुष्का पुढे आली. तिला रागच आला होता. “तुझ्यामुळे ओजसचा कॅम्प जातोय!”

रायेनला हे ठाऊकच नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

“ही बिओबिओ नदी,” दोऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. “हिच्या दक्षिणेला माझे लोक, मापुचे, तिथले मूळ रहिवासी. स्पॅनिश सैन्य आलं तेव्हा त्यांनी लाउतारो नावाच्या आमच्या मुलाला धरून घोड्यांच्या कामाला जुंपलं. तो घोड्यांबद्दल सगळं शिकला, त्यांची लढायची रीत शिकला आणि पळून आला. मग त्याने आपल्या माणसांच्या तुकड्या केल्या. एक तुकडी लढून मागे हटली की लगेच ताज्या दमाची दुसरी, मग तिसरी. समोरच्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही!”

“अरे, हा तर गनिमी कावा!” ओजस नाकाचं दुःख विसरला.

“शंभरेक वर्षं लढून स्पेनने १६४१ साली तह केला. नदीपलीकडचा मुलूख मापुचेंचा. थोडी ठाणी सोडली तर तो स्पेनला कधीच मिळाला नाही. पुढे स्वतंत्र झालेल्या चिलीच्या सैन्याने घेतला, ती वेगळी गोष्ट. पण या नकाशात आम्ही नाहीच.”

“मग सांगायचं ना!”

“दोनदा सांगितलं. मिस्टर फेलन ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणाले आणि विसरले.”

“आणि गाठी?” स्वानंदीने विचारलं.

“आमच्याकडे पूर्वी असं बोलावणं धाडत. रोज एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की सगळ्यांनी जमायचं.”

“शनिवारी कोण जमणार?”

“कोण जमणार? इथे मी एकटीच,” रायेन हसली. ते हसू पाहून अनुष्काचा राग कुठल्या कुठे गेला. तिला फार वाईट वाटलं.

“मी जाऊन सांगते,” म्हणत रायेन उठली. पण नाव सांगितलं तर तिची नोकरी जाणार, नाही सांगितलं तर ओजसचा कॅम्प.

“नाही सांगायचं,” ओजस म्हणाला. “बोटी काय, पुढच्या वर्षीही असतील.” हे बोलून तो पाठ फिरवून खुर्च्या सरळ करायला लागला.

त्या संध्याकाळी जेवताना अनुष्काने विचारलं, “बाबा, नकाशा कशावरून केलास?”

“एका जुन्या स्पॅनिश नकाशावरून. एका तासात रंग भरले, झालं!”

“म्हणजे ज्यांना ती जमीन हवी होती, त्यांनीच काढलेला! औरंगजेबाच्या दरबारातला नकाशा घेऊन मराठ्यांचं राज्य रंगवशील का?”

बाबांचा घास हातातच राहिला. “छापून झालंय गं आता,” ते पुटपुटले. “कोण एवढं बघतंय?”

“बघणारे आहेत,” अनुष्का म्हणाली, आणि शुक्रवारी तिने कॅम्पमधल्या सगळ्या मुलांना गोळा केलं.

शनिवारी नकाशावर दोरा होता, गाठ एकही नव्हती. पाहुणे जमले होते. मिस्टर फेलन लालबुंद होऊन ओजसकडे निघाले, पण ओजसच पुढे झाला.

“सर, गव्हर्नरसाहेबांनी मापुचे सरदारांची सभा बोलावून बोलणी केली, असं तुमच्याच फलकावर लिहिलंय. स्वतःच्या रयतेशी कुणी बोलणी करतं का?”

“अं... ते म्हणजे...”

ओजस मागे हटला. स्वानंदी लायब्ररीतलं पुस्तक उघडून हजर! “सर, १६४१चा तह नकाशात कुठे आहे?”

ते चष्मा पुसतात न पुसतात तोच दोन मुलं आली. “सर, स्पेनचे किल्ले या नदीकाठीच ओळीने का?” मग आणखी दोन. मग तीन. पाहुणे भोवती गोळा झाले. मिस्टर फेलननी रुमाल काढला.

“हा नकाशा केला कुणी?” शेवटी ते ओरडले.

“मी,” बाबा म्हणाले. “आणि चुकलोय. माझ्या मुलीने परवाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

“मग बरोबर काय ते कुणाला माहीत आहे?”

“ज्यांनी तुम्हाला दोनदा सांगितलं, त्यांना विचारा ना!” अनुष्का म्हणाली.

मिस्टर फेलनची नजर कॅफेकडे गेली. त्यांना सगळं आठवलं असावं, कारण त्यांचे कानसुद्धा लाल झाले. रायेन हातातला ट्रे ठेवून स्वतःच पुढे आली.

“दोरा मी लावला,” ती स्पष्ट म्हणाली. “या मुलाने नाही.”

मग मिस्टर फेलननी टेबलावरचा माइक उचलला आणि तिच्या हातात दिला. “दोरा राहू दे तिथेच,” ते म्हणाले. “आता तूच सांग. आम्ही ऐकतो. आणि ओजस, माझं चुकलं बाळा. बोट कॅम्पमध्ये तुझं नाव सगळ्यात वर! असली पोरं समितीत हवी होती!”

बाबांनी ओजसच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी फोन त्यांच्या खिशात होता.

ओजसने पाच गाठींचा दोरा काढून रायेनपुढे धरला. “हा तुझा. बोलावणं मिळालं होतं आम्हाला.”

रायेनने समोर पाहिलं. चौदा मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने दोरा मुठीत घट्ट धरला आणि बोलायला सुरुवात केली.