परत येणारं पाणी

“अहो दादा, गाडी वर घ्या. पाणी येतंय.”

हरिहरेश्वरच्या अलीकडे, खडकांमधल्या वाळूवर एका तरुणाने अगदी पाण्यालगत मोटारसायकल लावली होती आणि स्वतः निवांत भेळ खात बसला होता. यशोधराला हसू आवरेना. एका संस्थेसाठी समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करायला ती वर्षभरासाठी इथे आली होती, आणि आल्या आल्या नेमकी हीच चूक करून तिने नव्या चपला घालवल्या होत्या.

“पाणी तर खाली चाललंय की,” तो म्हणाला.

“चाललं होतं. आता फिरलंय.” तिने गाडीची नंबरप्लेट पाहिली. “तुम्ही पवना धरणाकडचे का?”

त्याचा घास हातातच राहिला. “तिकोणा पेठ. तुमाला कसं कळलं?”

“मी सोमाटण्याची, धरणाच्या खालच्या अंगाची. उतरलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत उतरलेलंच राहतं, असं आपल्याकडच्यांनाच वाटतं.”

तेवढ्यात लाट आली आणि मागचं चाक वाळूत रुतलं. दोघांनी मिळून गाडी वर ढकलली. गुडघ्यापर्यंत भिजलेला तो धापा टाकत म्हणाला, “मी ओंकार. लय उपकार झाले. फक्त… ते दादा तेवढं म्हनू नका.”

तिने मान वळवली, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्याच.

पवनेकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या ओंकारला मग सारखी समुद्राची आठवण येऊ लागली. ताम्हिणी घाट उतरून तो यायचा. थंडीत कुरव पक्ष्यांचे पांढरे थवे आले, खडकावरच्या झाडात समुद्री गरुडाने घरटं बांधलं. ती दुर्बीण त्याच्या हातात द्यायची. तो गरुड सोडून तिच्याकडेच बघायचा.

“पक्षी तिकडे आहे.”

“दिसला की. हितला बगतोय.”

फाल्गुनातल्या एका पहाटे कासवाची पिल्लं वाळूतून निघाली. एक चुकार पिल्लू ओंकारच्या पावलाशी आलं. ते वळसा घालून पाण्याला लागेपर्यंत हा गडी श्वास रोखून तसाच उभा, डास चावत होते तरी. त्या क्षणी यशोधराला तो फार, फार आवडला.

म्हणूनच चैत्रात तिने विचारलं, “माझं नाव घरी सांगितलंस?”

“नाव सांगितलंय.”

“आणि आडनाव?”

तो वाळूत रेघा ओढत राहिला. तिचं घर बौद्ध, त्याचं मराठा शेतकऱ्याचं. आडनाव कानावर पडलं की घरात काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मला चोरून काही नको, ओंकार. सांगशील, तेव्हाच ये.”

“येतो,” तो म्हणाला… आणि आलाच नाही. कुरव उत्तरेला परत गेले. गरुडाचं पिल्लू उडालं. वैशाखात समुद्र खवळू लागला, तिची बॅग भरून झाली, तरी संध्याकाळी तिचे डोळे घाटाच्या रस्त्यालाच लागलेले. आपण फार ताणलं का, असं तिला वाटायचं. पण शब्द मागे घ्यावासा मात्र वाटला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मोटारसायकल आली. यावेळी पाण्यापासून दूर, सुरूच्या झाडाखाली थांबली. मागे ओंकारची आई होती, रतनबाई. तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे जाऊन हातातली कापडी पिशवी ओल्या वाळूत ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले.

यशोधरा धावली. पण लाट आधी पोचली. तिने पिशवी उचलली तेव्हा आतला इंद्रायणी तांदूळ चिंब झाला होता.

“आगं बया,” रतनबाई म्हणाली. “आमच्याकडं उतारलेलं पानी असं माघारी येत न्हाई.”

“इथे येतं, मावशी.”

रतनबाईने तिला नीट न्याहाळलं. “समदं सांगितलंय यानं. आडनावबी. दोन दिस जेवले न्हाई मी. घरात कोन कोनाशी बोलंना. मग म्हनलं, पोरगी बगून तर येऊ.” तिने पिशवीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. “तुज्या आईला द्यायला आनलाता. आता काय ठिवून चालायचा न्हाई. चूल कुटं हाय तुजी?”

यशोधराला क्षणभर कळेना. ओंकार मागे उभा होता, त्याचे डोळे भरलेले. मग तिलाही कळलं, आणि तिने भिजलेली पिशवी छातीशी धरली. या समुद्राचे उपकार कसे फेडावेत, ते तिला सुचेना.

“तूच शिजव. मी जेवायला बसते,” वाळू तुडवत पुढे निघालेली रतनबाई म्हणाली. “मीठ तेवढं बेतानं घाल.”