जोडावरचा काळा रंग

गाडीखाली आडवं पडल्यापडल्या तिला आधी दिसले ते बूट. चिखलाने माखलेले, फाटकाच्या आत दोन पावलं येऊन थबकलेले.

"कोण हवंय?" तिने खालूनच विचारलं.

"कुणी नाही... पुढचा रस्ता मोजतोय आम्ही. ही गाडी— तुमच्याकडे कधीपासून आहे?"

ती सरपटत बाहेर आली. गालावर ग्रीस, हातात दात तपासायचा छोटा आरसा. समोर खांद्यावर तिपाई घेतलेला सर्व्हेअर उभा होता. नजर मात्र जीपच्या पुढच्या उजव्या चाकावर खिळलेली.

ती दातांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर दवाखाना न्यायचा, तर चारही चाकांनी चढणारी गाडी हवी. म्हणून तिने भंगारातून ही जुनी फोर-व्हील जीप उचलून आणली होती आणि दर रविवारी घरामागच्या शेडमध्ये ती तिचा एकेक भाग खोलून जोडत बसायची.

"कशाला विचारताय?"

"सहज," म्हणत त्याने बॉनेटला डावीकडून हलकी थाप मारली. बॉनेट लगेच उघडलं. ही खोड कळायला तिला आठवडा लागला होता!

तिने नुसता आरसा पुसला. पण मनात नोंद केली.

पुढच्या रविवारी तो आपणहून आला. "पुढच्या चाकांना ताकद देणारी पेटी जड असते. एकटीने नाही बसणार."

ते खरं होतं, म्हणून तिने येऊ दिलं. तिच्यासोबत राहणाऱ्या मावशीने खिडकीतून त्याला नखशिखान्त न्याहाळलं. मावशीच्या संशयातून दूधवालाही सुटला नव्हता.

"नको तितका चांगला वागतो गं. कुठंतरी पाणी मुरतंय."

सहा रविवार गेले. पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजायचा, आणि एकाच कापडाला दोघं हात पुसायची. बोटं चुकून लागली की दोघंही उगाच दुसरीकडे बघायची.

"मावशींना मी चोर वाटतो," तो एकदा म्हणाला.

"मावशीला सगळेच वाटतात."

"आणि तुम्हाला?"

"मी दातांची डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडल्याशिवाय मत देत नाही."

तो मोठ्याने हसला. ते हसू तिला जरा जास्तच आवडलं... आणि म्हणूनच ती अधिक सावध झाली. कारण हा माणूस दहा वेळा त्या उजव्या चाकामागे वाकून बघत होता. आणि गाडी पूर्ण व्हायला तेल अडवणारं एकच रबरी ऑइल सील उरलं होतं; ते आणायचं त्याने अंगावर घेतलं होतं, आणि तीन आठवडे त्याचं एकच उत्तर: 'आलंच नाही अजून'.

"माझ्या पिशवीतला चौदाचा पाना देता?" त्या दिवशी तो म्हणाला.

पान्याखालीच सील होतं. कोरं, पाकिटातलं.

तिने पाना दिला. तो हात धुवायला गेला तशी ती आरसा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. उजव्या चाकामागे, स्टिअरिंगची पेटी धरणाऱ्या पट्टीवर काळ्या रंगाचा जाड थर होता. तिने तो खरवडला. आत, किडलेल्या दातात दिसावी तशी, बारीक चीर.

"हे काय आहे?" तो परतल्यावर तिने विचारलं.

त्याने पिशवीतलं सील काढून तिच्यापुढे ठेवलं.

"माझं काम. ही गाडी तेव्हा माझी होती. एकवीस वर्षांचा होतो, गाडी उंच करायचं वेड होतं. ती पट्टी मीच वेल्ड केली, वर काळा रंग फासला. पुढे गाडी विकली. नंतर नीट काम शिकलो तेव्हा कळलं, जोड आतपर्यंत पोचलाच नव्हता. उतारावर तुटला तर चाकं ऐकणार नाहीत. दोन वर्षं शोधत होतो मी हिला."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं!"

"सांगितलं असतं, तर आभार मानून तुम्ही फाटक लावलं असतं. गाडी ठोकळ्यांवर होती तोवर धोका नव्हता, म्हणून सील दडवलं. दर वेळी ठरवायचो, आज बोलायचं... आणि तुम्ही चहा घेऊन यायचात."

"मी सील दुसरीकडून आणलं असतं तर? या गाडीत माझी मावशी बसणार होती!"

"चुकलो," तो म्हणाला.

"जा तुम्ही."

तो गेला. आठवडाभर तिचं कशात लक्ष लागेना. राग खरा होता, पण शेडमधली शांतताही सोसवेना.

रविवारी तो फाटकाबाहेरच उभा राहिला. सोबत एक म्हातारे वेल्डर.

"उस्तादांना आणलंय. माझ्या हाताचा भरवसा नको."

तिने मावशीकडे पाहिलं.

"बघतेस काय?" मावशी म्हणाली. "कबूल तरी केलंन मेल्याने. उघड फाटक."

जुना जोड कापून निघाला, नवा बसला. त्याने स्वतःच्या हाताने सील लावलं. उस्तादांनी तीनदा हातोडा मारून पाहिला, मगच मान डोलावली.

चाचणीला ती टेकडीच्या वाटेवर निघाली. तो शेजारी, पुढचा दांडा धरून. ओल्या चढावर मागची चाकं घसरली, पुढच्यांनी माती पकडली आणि जीप गुरगुरत माथ्यावर पोचली.

"आता तरी... विश्वास?" त्याने घाबरत विचारलं.

"छे! तू माझ्यापासून पुन्हा काहीतरी लपवशील, असा मला दाट संशय आहे."

'तू' ऐकून त्याने चमकून पाहिलं.

"मग... करायचं काय?"

"डोळ्यांसमोर ठेवायचं. रोज. घरातच."

"म्हणजे नजरकैद?"

"जन्मभराची," ती म्हणाली, आणि गिअर टाकून तिने गाडी उतारावर सोडली.