पुनमचं पहिलं लग्न

स्वप्नील सासुरवाडीला आला होता पाहुणचाराला, पण ऑफिसचं काम काही त्याचा पिच्छा सोडत नव्हतं. जळगावच्या एका कंपनीत तो मनगटावर बांधायचे, हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे तपासायचा. माणूस सोडून दुसऱ्या कशावर पट्टा बांधला तर आकडा यायला नको, ही त्यातली साधी परीक्षा. भडगावला सासऱ्यांच्या केळीच्या बागेत दुपारी बसल्या बसल्या दुसरं काय करणार? त्यानं विहिरीजवळच्या एका केळीच्या खोडाला सुतळीनं पट्टा बांधला.

बागेत ऊन पानांतून झिरपून हिरवं होऊन उतरत होतं. ठिबकच्या नळ्या टपटपत होत्या, डोळ्यांवर सारखी झापड येत होती. पट्ट्यावर आकडा उमटला, चौऱ्याहत्तर.

त्याला हसू आलं. ओलसर सालीवर पट्ट्याचा उजेड फसतो आणि खोटा आकडा येतो, हे त्याला पाठ होतं. पण शेजारच्या खोडावर पट्टा मुका. त्याच्या पलीकडच्यावरही मुका. पुन्हा पहिल्यावर बांधला तर चौऱ्याहत्तर, मग नव्वद. त्यानं मान वर केली. पुनम, त्याची बायको, चहाची किटली घेऊन बांधावरून लगबगीनं येत होती. ती खाली बसली, ओढणीनं वारा घेऊ लागली, आणि आकडाही सावकाश उतरला.

"पाव्हना, बरी हाईच केळ धरी तुम्हीन," जवळच बसलेले सासरे उखर्डूआबा हसले. "पुनमनं पहिलं लगन इनासंगेच लायेल शे."

हे स्वप्नीलला कुणी सांगितलं नव्हतं. पुनमच्या पत्रिकेत मंगळ, म्हणून आधी तिचं केळीशी लग्न लावलं होतं. अक्षता पडताच ती केळ तोडायची, असं गुरुजींनी बजावलं होतं.

"मग तोडली नाही?"

"निसायेल व्हती ना ती. घड बाहेर पडेल केळ कोन तोडस? आज घड उतारसूत, मंग तोडसूत."

तेवढ्यात आबांचा गडी झुलाल कोयता घेऊन आला. घड अलगद खाली उतरला. पट्ट्यावर साठ.

झुलालनं खोडावर पहिला घाव घातला.

पुनमच्या हातातला कप निसटला. ती कूस धरून खाली वाकली.

स्वप्नीलनं झुलालचा हात धरला. "थांबा, भाऊ. राहू द्या हे खोड."

झुलाल आबांकडे बघत मागे सरला. घावातून पाणी झरत होतं. आकडा पन्नास.

स्वप्नीलनं पिशवीतला दुसरा पट्टा काढून पुनमच्या मनगटावर आवळला. काहीच नाही. मग तिच्या नाडीवर बोटं ठेवली. कातडी ऊबदार होती, आणि तिच्याखाली सगळं निवांत.

"इथं नाही लागायचं," पुनम हलकेच म्हणाली. "केळीशी लग्न लागल्यापासून नाही लागत. तुम्हाला सांगायची भीती वाटायची."

ही नसेल तर आपलं कसं व्हायचं, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

"आबा," तिनं बापाला विचारलं, "घड उतारावर खोड कितला दिन टिकस?"

आबा घड हातानं तोलून बघत होते. "पानी दिधं तं महिनाभर. मंग आपेआप सडी जास."

पुनमनं मान डोलावली. शेजारच्या केळीची ठिबकची नळी ओढून तिनं या बुंध्याशी आणून ठेवली.