झऱ्याच्या पाण्याचा अहवाल

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीवरून एक बाटली परत करण्यात आली. बाटली आणणारा तरुण मात्र खिडकीसमोरून हलला नाही.

"काय चुकलं?"

"काठोकाठ भरलीय," आतली तपासनीस म्हणाली. "वर दोन बोटं जागा हवी. हलवू कशी मी?"

"आमच्या झऱ्यावर कुणाला कमी भरून द्यायची पद्धत नाही. आलेल्या भक्ताला अपुरं द्यायचं नसतं."

"मी भक्त नाही."

"ते दिसलं," तो म्हणाला आणि हसला.

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. ती देव मानत नव्हती. कुणी विचारलं तर सांगायची, न विचारता कधी नाही. तो प्लंबर होता. आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीखालच्या प्रार्थनास्थळातला झरा सांभाळायचा. त्या पाण्याने दुखणी बरी होतात असं लोक मानत. सगळ्यांत जास्त मानायची ती त्याची आई. तिचा आखडलेला गुडघा त्याच पाण्याने सुटला, असं ती सांगायची.

"मग तपासायला का आणलंत?" मोजपट्टीने विचारलं. "श्रद्धा डळमळली?"

"डळमळली असती तर आणलं नसतं. भीती वाटली असती." तो नखाला चिकटलेली पांढरी टेप सोलत होता. "वरच्या अंगाला नवी इमारत झालीय. तिचा मैलापाण्याचा पाइप कसा टाकलाय, ते मी बघितलंय."

हे उत्तर तिच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. बाटली बर्फात, वर बरोबर दोन बोटं मोकळी, लेबलवर मिनिटासकट वेळ. तिने लेबल दोनदा वाचलं. वाचण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं...

चोवीस तासांनी प्लेटवर मैल्यातल्या जंतूंचे निळे ठिपके उमटले. असे अहवाल तिने शेकडो लोकांना शांतपणे सांगितले होते. या वेळी तिने तीच चाचणी आणखी दोनदा केली, ठिपके तेच आले, आणि मगच फोन लावला.

तो आला. भिंगाखाली वाकला. त्याच्या केसांना ओल्या सिमेंटचा वास होता.

"हे जिवंत आहेत?"

"हो."

"दिसतात बरे."

"दिसतात. पोटात गेले की कळतं."

तो सरळ झाला. मग म्हणाला, "अहवालाखाली सही तुमचीच ना? द्या. मी फलक लावतो."

शनिवारी ती टेकडीखाली गेली. कामाचं कारण नव्हतं, तिने ते शोधलंही नाही. झऱ्याच्या तोटीला कुलूप होतं, शेजारी त्याच्या अक्षरातला फलक, आणि फलकाशेजारी तो स्वतः. येणारा प्रत्येक जण त्याला सुनावून जात होता. "घरचाच भेदी निघालास," एक म्हातारे म्हणाले. तो मान हलवायचा, "पाइप दुरुस्त होईपर्यंतच, काका," म्हणायचा. त्याची आई रिकामी बाटली घेऊन आली, फलक वाचला आणि त्याच्याकडे न बघता परत गेली.

मधेच तो आत गेला, दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिला, बाहेर आला, पुन्हा लोकांना परतवू लागला. विश्वास ठेवणारा माणूस डोळे मिटूनच जगतो असं तिला वाटायचं. हा दोन मिनिटं मिटायचा आणि बाकीचा दिवस उघडे ठेवायचा.

परतताना दोघं एकाच रस्त्याने निघाली.

"आत काय मागितलंत?"

"मागत नाही. हजेरी लावतो."

"उत्तर येतं?"

"तुमच्यासारखं चोवीस तासांत नाही येत."

तिला हसू आलं. मग ती थांबली. "मी कधी हात जोडणार नाही हं. आधीच सांगते."

"आधी म्हणजे... कशाच्या आधी?"

तिने घड्याळात बघितलं.

"घड्याळ काय बघताय?"

"वेळ नोंदवतेय."

"मग हेही नोंदवा — तुम्ही मला आवडता. हात मोकळे असले तरी चालतील."

"आणि माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर..."

"तर?"

"विचारून करायची," ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

आई मुलाशी अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, "त्या अहवालवाल्या मुलीला घेऊन ये."

रविवारी पाच वाजता जिना चढताना तो हळूच म्हणाला, "आई गुडघ्याचं विचारेल. तू हो म्हणालीस तर सगळं सोपं होईल."

"मी हो म्हणावं असं वाटतं तुला?"

तो एक पायरी थांबला. "नाही. धडधडतंय फक्त."

धडधडत तिलाही होतं. एका शब्दात हे घर मिळणार होतं, नाहीतर जाणार होतं.

आईने दोघांना बसवलं. प्रास्ताविक केलं नाही. "माझा गुडघा त्या पाण्याने बरा झाला की नाही?"

"गुडघा बरा झाला, हे खरं," ती म्हणाली. "पाण्याने झाला असं मी नाही म्हणू शकत. नाहीच झाला, असंही छातीठोक सांगता येणार नाही. मला माहीत नाही."

"दुसरी असती तर हो म्हणाली असती."

"म्हणाली असती."

आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मुलाकडे. त्याची नजर मोजपट्टीवर होती आणि त्याला ती लपवता येत नव्हती.

आई खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि आत गेली. पातेल्याचा आवाज झाला, गॅस पेटला. चहाचं पाणी दोघांचं ठेवलंय की तिघांचं, ते बाहेरून कळत नव्हतं.