नऊ तारखेचं कार्ड

मी शपथ घेणार नाही. माझ्या हातानं इतकं खोटं लिहून झालंय की माझ्या शपथेला आता काडीची किंमत राहिली नाही.

पण हे खरं आहे. अक्षर न् अक्षर.

माझं नाव विजयमाला. धारूरजवळच्या एका गावात मी आशाताई आहे. गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, बाळंतपण झालं की बाळाचं वजन करायचं. बारा वर्षं हेच करतेय. भुताखेताचं कुणी बोललं की मीच खेकसायचे, "आधी लोहाच्या गोळ्या खा, मग भूत बघू!"

ऑक्टोबर २०२४. माझी धाकटी जाऊ दिपाली चौथ्या महिन्यात होती. लग्नाला सात वर्षं झालेली. याआधी दोनदा दिवस जाऊन पोट पडलेलं. त्यामुळं माझा दीर प्रविण तर येडाच झाला होता. रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसायचा.

"वहिनी, आज लिंबाएवढं झालं बघा!"

महिन्याभरानं वांग्याएवढं. मग दिपालीच्या पोटाजवळ तोंड नेऊन म्हणायचा, "ऐकू येतं का बे? मी तुझा बाप हाय."

"लाज न्हाई मेल्याला," आमच्या सासूबाई म्हणायच्या, आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

प्रविणला कार्ड हवं होतं. आई-बाळाचं कार्ड. आमच्याकडं दर महिन्याच्या नऊ तारखेला आरोग्य केंद्रात तपासणी असते. आईचं वजन, बी.पी., बाळाचे ठोके... सगळं त्या कार्डात लिहितात. मागच्या पानांवर जन्मल्यानंतर बाळाचं वजन. पण तेव्हा कार्डंच संपली होती. आणि हा मागं लागलेला, "वहिनी, घरच्या आशाताई असून आमालाच कार्ड न्हाई व्हय?"

माझ्या पिशवीत एक कार्ड होतं...

सरस्वतीचं.

सरस्वती आमच्याच गावची, गहिनीनाथची बायको. त्याच्या आदल्या दिवाळीनंतर सहा महिन्यांची पोटुशी असताना नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली. नऊ जानेवारीला तिला झटके आले. फडातून दवाखान्यात नेताना ट्रॅक्टरमध्येच गेली. पोटातलं बाळही गेलं. कार्ड माझ्याकडंच राहिलं होतं.

मी त्यावर व्हाईटनर फासलं. नावावर, आकड्यांवर, सगळीकडं. वाळल्यावर वरून दिपालीचं नाव लिहिलं.

कागद तो कागद, त्याला काय होतंय, असं वाटलं मला.

नऊ नोव्हेंबरला पहिली तपासणी झाली. वजन अठ्ठेचाळीस, बी.पी. एकशेदहा-सत्तर, ठोके एकशेचाळीस. सगळं छान. प्रविणनं कार्डाचा फोटो काढून पाहुण्यारावळ्यांना पाठवला.

डिसेंबरात वजन अठ्ठेचाळीस.

जानेवारीतही... अठ्ठेचाळीस.

पोट तर दिसण्याइतकं वाढलेलं. सिस्टर म्हणाल्या, काटा बिघडला असेल. मी स्वतः काट्यावर उभी राहिले. मेल्यानं माझे बरोबर एकाहत्तर दाखवले.

बी.पी. एकशेदहा-सत्तर. ठोके एकशेचाळीस. तिन्ही वेळा तेच.

त्या दिवशी घरी येऊन मी कार्ड उघडलं.

पुढचे रकाने भरलेले होते. फेब्रुवारी, मार्च. तारखा त्याच वर्षीच्या. आकडे तेच. शेऱ्यात लिहिलेलं, "सर्व ठीक."

आणि अक्षर... माझं होतं.

मी ते लिहिलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं लिहिलं.

तरी मी कुणाला बोलले नाही. प्रविण एवढा खुशीत. आणि बोलायचं तरी काय? व्हाईटनर लावलेलं कार्ड दिलं म्हणून माझीच नोकरी गेली असती. मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवयच होती.

फेब्रुवारीची तपासणी. भर दुपारचे बारा, बाहेर बायांची ही गर्दी. सिस्टरांनी दिपालीच्या पोटावर ठोक्यांचं मशीन ठेवलं. प्रविण कार्ड हातात धरून कान देऊन उभा.

ठक ठक ठक ऐकू यायला हवं होतं.

मशीनमधून आवाज आला... खच्च.

मग थोडं थांबून... खच्च... खच्च...

आमच्या भागात हा आवाज शेंबड्या पोरालाही कळतो. उसाच्या बुडख्यावर कोयता पडल्याचा आवाज.

"मशीन जुनं झालंय," सिस्टर म्हणाल्या. काचेवर आकडा होता एकशेचाळीस. त्यांनी तोच लिहून घेतला.

त्या महिन्यात दिपालीचे पाय सुजले. जोडवी रुतायला लागली. सासूबाईंनी साबण लावून ती काढली. मग नऊ मार्चला सकाळी भाकरी थापता थापता ती थांबली.

"ताई, डोळ्यापुढं अंधारी येतीय. लई डोकं दुखतंय."

माझ्या हातातला तांब्या पडला.

कारण हेच शब्द मी आधी ऐकले होते. तस्सेच. फोनवर. सरस्वतीकडून.

आता सांगतेच. मरायच्या महिनाभर आधी, डिसेंबरात, सरस्वतीनं मला फडातून फोन केला होता. "ताई, पाय सुजल्यात. अंधारी येतीय. मुकादम सुट्टी देईना. तुमी बोलता का त्याला?" मी म्हणाले, "अगं, सगळ्यांचेच सुजतात पाय. काही होत नाही." फोन ठेवला आणि तिचं कार्ड भरलं. वजन अठ्ठेचाळीस. बी.पी. एकशेदहा-सत्तर. ठोके एकशेचाळीस. सूज नाही. सर्व ठीक.

ती गावात होती तेव्हाही मी तिला एकदाच ओझरतं पाहिलं होतं. बाकी सगळे आकडे मी घरी बसून, चहा पिता पिता लिहिले.

नऊ जानेवारीचा रकानाही मी सकाळी अकरा वाजता भरला. सर्व ठीक. तेव्हा ती ट्रॅक्टरमध्ये मरत होती.

त्या नऊ मार्चला मी तशीच दिपालीला आणि प्रविणला घेऊन केंद्रात गेले. घाईत प्रविण कार्ड गाडीच्या डिकीतच विसरला. तो आणायला गेला तोवर सिस्टरांनी दिपालीला काट्यावर उभं केलं.

साठ.

मी काट्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात प्रविण कार्ड घेऊन दारातून आत आला.

काटा हलला...

अठ्ठावन्न... पंचावन्न... पन्नास...

अठ्ठेचाळीसवर येऊन थांबला. दिपाली जागची हललीसुद्धा नव्हती.

मी प्रविणच्या हातातून कार्ड हिसकलं आणि खिडकीतून बाहेर भिरकावलं.

"वहिनी! कावून फेकलं?"

"सिस्टर, बी.पी. बघा! आत्ता बघा!"

एकशेऐंशी-एकशेवीस.

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. अॅम्ब्युलन्स आली. अंबाजोगाईला पोचेपर्यंत दिपालीला एक झटका येऊन गेला होता. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडले, "कार्ड कुठाय हिचं?"

"न्हाई," मी म्हणाले. "कार्ड न्हाई हिला."

सिझर झालं. मुलगी झाली. एक किलो आठशे. काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. प्रविणनं भर व्हरांड्यात माझे पाय धरले. "वहिनी, तुमच्यामुळं..."

मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिसऱ्या दिवशी पेटीजवळची नर्स बाहेर आली.

"हे तुमचं का? बाळाच्या पायाशी होतं."

कार्ड...

व्हाईटनरचा मागमूस नव्हता. नाव स्वच्छ दिसत होतं. सरस्वती गहिनीनाथ.

मी मागची पानं उलटली. बाळाच्या वजनाचे रकाने. नऊ एप्रिल, नऊ मे, नऊ जून... सगळे भरलेले. माझ्याच अक्षरात. शेवटचा रकाना नऊ जानेवारीचा.

त्यात वजनच नाही. फक्त शेरा. "सर्व ठीक."

त्याच्यापुढं पान कोरं.

पोरीचं नाव राजनंदिनी ठेवलं. गोरीगोमटी, दोन दात आलेत, प्रविणच्या मिशा ओढते. दर नऊ तारखेला मी तिचं वजन करते. कार्डातला एकही आकडा चुकला नाही. दोन किलो नऊशे म्हणजे दोन किलो नऊशे. कार्ड जाळायला तीनदा चुलीपर्यंत गेले. पण धाडस झालं नाही. जाळलं आणि पोरीलाच काही झालं तर?

काल मी गहिनीनाथच्या घरी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याला सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. वाटलं, त्यानं थोबाडीत दिली तरी चालेल, पण हे एकदाचं मिटू दे.

दाराला कुलूप होतं. ऊसतोडीची टोळी कर्नाटकात गेलीय. फोन लागत नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "फोनवर कायबाय भुताचं वाचत बसतो, बायको गेल्यापासनं."

म्हणून इथं लिहिलं.

गहिनीनाथभाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर... मी सरस्वतीला तपासलंच नव्हतं. तिनं मला फोन केला होता. सगळे आकडे खोटे होते. चूक माझी आहे, त्या पोरीची नाही. सरस्वतीला सांगा हो. तुमचं ऐकेल ती.

आज आठ जानेवारी. संध्याकाळचे सहा वाजलेत.

आत्ताच दिपाली राजनंदिनीला कडेवर घेऊन आली होती. पोरीचे वाळे काढून हातात धरलेले. म्हणाली, सकाळपासनं रुतायला लागलेत. मी पायावर बोट दाबलं... खळगा पडला. भरून यायला वेळ लागला.

"ताई, काय न्हाई ना तिला?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आईशप्पथ, खरंच सांगणार होते.

माझ्या तोंडून निघालं, "सर्व ठीक."