अण्णांच्या नावाचा बाक

हे खोटं असतं तर सगळ्यात आधी मीच सुटकेचा निःश्वास सोडला असता.

पण ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं, त्या माझ्या घरच्या आहेत. एक माझी मावसबहीण, दुसरी तिची वहिनी. दोघींचं आजवर भाजीत मीठ किती घालायचं यावरसुद्धा कधी एकमत झालेलं नाही. ह्या एका गोष्टीबद्दल मात्र दोघी अगदी तेच सांगतात.

आणि हे रात्री नाही घडलं. संध्याकाळी, उजेडात, माणसांनी भरलेल्या बागेत घडलं.

मावसबहिणीला सगळे बेबी म्हणतात. केस पांढरे झाले तरी बेबीच. एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिचे वडील, अण्णा, बसचे ड्रायव्हर होते. त्यांची बस शहरातल्या मोठ्या बागेच्या कडेने जायची. मावळतीला सगळी बाग लाल झालेली असायची आणि अण्णांचे डोळे सिग्नलवर. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज बागेत. पश्चिमेच्या टेकाडावर बसायचे, सूर्य पार बुडेपर्यंत. मध्ये कोणी बोललं तर हात वर करायचे, थांब म्हणून.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला.

मागच्या खोलीत कॉट लागली. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. जीभ लुळी पडलेली, बोललेलं कोणालाच कळेना. म्हणून हाक मारायला उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता.

ऊन कललं की वाजायला लागायचं.

टण... टण...

कोणी आत गेलं की अण्णा दाराआड घडी घालून ठेवलेल्या चाकाच्या खुर्चीकडे बोट दाखवायचे. बागेत न्या.

"उद्या नेऊ हं, अण्णा," दादा म्हणायचा. दादा म्हणजे बेबीचा थोरला भाऊ. वहिनी टीव्हीचा आवाज वाढवायची. बेबी रविवारी यायची, तीसुद्धा म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की.

बाग हाकेच्या अंतरावर हो! पण ती खुर्ची कधी दाराबाहेर गेली नाही. अण्णा तसेच गेले.

आणि मग दादाला वडिलांच्या प्रेमाचा उमाळा आला. त्याच टेकाडावर त्याने गुळगुळीत दगडी बाक बसवून घेतला. पाठीवर अक्षरं कोरली, 'सूर्यास्त ज्यांना प्रिय होता त्या आमच्या लाडक्या वडिलांच्या स्मरणार्थ.' फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, खरं सांगते.

पण तो बाक... संध्याकाळी रिकामाच राहायचा.

बागेच्या रखवालदाराने एकदा बेबीला गाठलं.

"ताई, तो बाक तुमचाच ना? दिवसभर लोक बसतात. सूर्य खाली आला की उठून जातात."

"का बरं?"

"मी काय सांगू? तुम्हीच एकदा बसा."

बेबीने दादाला फोन केला. तो हसला. "दगड तापत असेल. उशी पाठवून देऊ का?"

बेबी एकटीच गेली.

टेकाड माणसांनी फुललं होतं. गवतावर पोरं लोळत होती. बाकावर एक तरुण जोडपं होतं. सूर्य झाडांच्या शेंड्यांपर्यंत आला आणि त्यातली मुलगी चुळबुळायला लागली. बेबी शेजारी टेकली तशी ती म्हणाली, "काकू, इथे कसला आवाज येतो हो?" उत्तराची वाट न बघता दोघं निघूनही गेली.

बेबी थांबली.

आधी काहीच नाही.

मग...

टण...

तिने चटकन मागे वळून पाहिलं. कोणी नाही.

टण... टण...

"अण्णा?" ती हळूच म्हणाली. "मी आलेय. बघा, समोरच आहे सूर्य. बघा ना."

वाजणं थांबेना. तिचं बोलणं जणू पोचतच नव्हतं. तिने कान दिला. त्या टणटणीमागे अजून काहीतरी होतं...

खर्र... खट्. खर्र... खट्.

मागच्या खोलीतला पंखा!

आणि त्याच्याही मागे, भिंतीपलीकडून आल्यासारखा, टीव्ही.

तेव्हा तिला कळलं. अण्णा बाकावर नव्हतेच. अण्णा अजून त्याच खोलीत होते. तिथेच पडून चमचा वाजवत होते, आणि आपण इथे बागेत ऐकत बसलो होतो.

सूर्य बुडेपर्यंत तिला बसवलं नाही. ती पळतच सुटली ती थेट दादाच्या घरी.

खोली बदललेली होती. कॉट गेली, पंखा गेला, एसी आला. मध्ये दादाचं व्यायामाचं यंत्र, त्यावर वाळत घातलेले कपडे. चाकाची खुर्ची तेवढी दाराआड तशीच होती. बेबी कान देऊन उभी राहिली.

आवाज नाही. काही म्हणजे काहीच नाही.

मागे वहिनी येऊन उभी राहिली. बेबीला वाटलं, आता ही हसणार.

"बाकावर बसून आलीस ना?" वहिनीने विचारलं. "मी पण बसले होते ग एकदा. टीव्ही ऐकू आला तुला?"

बेबीने मान डोलावली. वहिनी म्हणाली, "रोज मीच वाढवायचे ना तो आवाज..."

त्या दिवशी पहिल्यांदा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आणि दोघींनी मिळून ठरवलं, अण्णांना न्यायचं. दादाला सांगायचंच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनी बाकावर जाऊन बसली. बेबी खोलीत. फोन चालू. बेबीने यंत्र सरकवलं, कपडे काढले, कॉट होती तिथे खुर्ची उघडून ठेवली.

"वाजतंय?"

"वाजतंय ग..."

खोलीत मात्र शुकशुकाट.

बेबीने रिकाम्या जागेकडे बघून हात पुढे केला. "अण्णा, चला. खुर्ची आणलीय. बागेत जाऊ."

मग वहिनी पुटपुटली, "बेबी... तुझं बोलणं इथे ऐकू आलं. फोनमधून नाही. माझ्या मागून."

"आणि चमचा?"

"थांबला."

"अण्णा, मी चुकले," बेबी म्हणाली. तिला हुंदका आवरेना. "आम्ही सगळेच चुकलो. आज चला. सूर्य अजून आहे. आहे ना, वहिनी?"

"आहे. टेकलाय... अर्धा राहिलाय..."

बेबी वाट बघत राहिली. खुर्ची जागची हलली नाही.

तिकडे वहिनी एकदम किंचाळली.

"काय झालं? वहिनी! काय झालं?"

"बोलले ग... अण्णा बोलले. स्वच्छ, आपण बोलतो तसे..."

"काय म्हणाले?"



"म्हणाले... 'जाताना दार लावून घे.'"

बेबीने दार लावून घेतलं. दुसरं काय करणार होती?

त्यानंतर बाकावर आवाज आलेला नाही. आता संध्याकाळी तिथे जागा मिळत नाही, लोक टेकून सूर्यास्ताचे फोटो काढतात. दादा सगळ्यांना अभिमानाने सांगतो, वडिलांचा बाक आहे. बेबी अजून जाते. कोणी उठलंच तर बसते, कान लावते. काही येत नाही.

तिला एकच गोष्ट छळते. अण्णा ते रागावून म्हणाले, की मायेने म्हणाले? ऐकलं फक्त वहिनीने. बेबीने तिला हजारदा विचारलं, "सांगा ना, आवाज कसा होता?"

वहिनी सांगत नाही.

परवा मीही विचारून पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आले, आणि उठून आत गेली.