मोहाच्या झाडावरचा लाल चौकोन

आजोबांच्या संगणकावर, वणवे दाखवणाऱ्या नकाशावर लाल चौकोन उमटला आणि रुंजीच्या हातातला घास हातातच राहिला. चौकोन थेट त्यांच्या मोहाच्या झाडावर होता, आणि माय तर पहाटेच तिथं फुलं वेचायला गेली होती.

"आजोबा, माय आगीत आहे," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

आजोबांनी जन्मभर उपग्रहांचं काम केलेलं. त्यांनी चष्मा पुसून चौकोन नीट पाहिला. त्यांनी तिला जवळ घेऊन समजावलं. उपग्रहाला ज्वाळा नाही, उष्णता जाणवते. त्याच्या चित्राचा सर्वांत लहान ठिपका (चित्रकण) म्हणजे इथलं पस्तीसेक एकर रान. त्यात एका कोपऱ्यात पेटलं तरी अख्खा चौकोन लाल होतो. शिवाय त्याच्यावरची वेळही वाचायची असते. हा वीस मिनिटांपूर्वीचा होता.

"मग माय कुठं आहे?"

"ते नकाशाला ठाऊक नाही, बाळा."

वारा घराच्या दिशेनं सुटला होता. माय घाबरून नाल्याच्या वाटेनं घराकडेच पळणार, आणि ती वाट वाळक्या बांबूतून येते. आग आणि माय, दोघी एकाच दिशेनं धावणार. मग रडत रडत रुंजीनं मनातलं सांगून टाकलं. काल फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा तिनंच पेटवला होता, गावात सगळे पेटवतात तसा. निखाऱ्यांवर माती टाकायची तेवढी राहिली.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी नकाशाचं दुसरं पान उघडलं, बारीक ठिपक्यांच्या चित्रांचं. झाडाच्या वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर काळा डाग होता, गेल्या आठवड्यातल्या वणव्याचा. हिरवं पान अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) परत फेकतं, जळकी जमीन फारसे फेकत नाही. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं, की रानाचा व्रण दिसतो.

रुंजी डागाकडे बघत राहिली. "तिथं आता जळायला काही उरलंच नाही," ती हळूच म्हणाली.

आजोबांनी लगेच गावाची टिटवी (भोंगा लावलेलं ड्रोन) सोडली. रुंजी भोंग्यातून बोलली, "माय, नाल्याकडे येऊ नको. वर काळ्या जमिनीवर जा. तिथंच थांब."

तिनं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. अर्ध्या तासानं दुसऱ्या उपग्रहाचं चित्र आलं आणि नाल्याची वाट लाल झाली. काळा डाग काळाच राहिला. रुंजीनं त्यावर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

माय दुपारी आली. टोपली रिकामी, पाय घोट्यापर्यंत काळे. रुंजी त्या पायांनाच बिलगली.

पुढच्या चैत्रात झाडाखाली कुणी काडी ओढली नाही. मायचं जुनं लुगडं चार खुंटांना ताणून बांधलं होतं, फुलं त्यात टपटपत होती. नकाशावरचा व्रण कडेकडेनं हिरवा होत होता. रुंजी रोज सकाळी आधी वेळ वाचते, मग चौकोन बघते, आणि मग दार उघडून माय अंगणात आहे ना, तेही बघून घेते.